हरलेले परत मिळवण्याची ओढ : ऑनलाइन जुगार आणि विद्यार्थ्यांचे मन

जुगाराचे व्यसन हा मानसिक आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य करून आता बराच काळ झाला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या आजाराला आपल्या अधिकृत यादीत प्रथम जागा दिली. तेव्हा त्याची गणना आग लावण्याची किंवा चोरी करण्याची अनावर ऊर्मी येणाऱ्या विकारांबरोबर होत असे. २०१३ मध्ये त्याला तिथून उचलून दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या प्रकरणात आणले गेले, कारण शरीरात कोणताही पदार्थ जात नसताना मेंदूत घडणारे बदल व्यसनाचेच असतात, असे दिसून आले होते. जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे अकरावे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. त्यात जुगाराच्या विकाराची नोंद आहेच, शिवाय मुख्यतः ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी वेगळा पोटप्रकार केला आहे. महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा पोटप्रकारच सर्वात महत्त्वाचा ठरतो.

निदानासाठी नऊ लक्षणे पाहिली जातात आणि त्यांपैकी चार किंवा अधिक वर्षभरात आढळली तर आजार आहे असे धरतात. तीच मजा येण्यासाठी लावायची रक्कम वाढवत न्यावी लागणे, थांबल्यावर अस्वस्थता आणि चिडचिड होणे, थांबण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा फसणे, डोक्यात सतत तोच विषय घोळणे, मन खिन्न वा बेचैन असताना खेळाकडे वळणे, हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळायला बसणे, किती खेळतो याविषयी खोटे बोलणे, त्यापायी नाते, शिक्षण किंवा नोकरी धोक्यात घालणे आणि शेवटी झालेली कोंडी सोडवण्यासाठी दुसऱ्यांकडे पैसे मागणे, ही ती नऊ लक्षणे. किती रुपये हरले तर आजार, असा आकडा यात कुठेही नाही. दोन हजार हरलेला मुलगा आजारी असू शकतो आणि वीस हजार हरून शांतपणे बाजूला झालेला नसू शकतो. या नवांतले सर्वात बोलके लक्षण म्हणजे हरलेले परत मिळवण्याची ओढ. मुले आपसांत त्याला ‘लॉस कव्हर करणे’ किंवा ‘रिकव्हरी’ म्हणतात. खेळ करमणुकीचा असतो तेव्हा हरणे हा त्याचा शेवट असतो. आजारात मात्र प्रत्येक हार पुढच्या डावाचे कारण होऊन बसते.

महाराष्ट्राला आकड्यांचा जुगार नवा नाही. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या मटक्याने गिरणगावापासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत घरे पोखरली. पण मटक्यात एक संथपणा होता. आकडा ‘ओपन’ला लागायचा आणि ‘क्लोज’ला लागायचा. मधले तास वाट पाहण्यात जात. आकडा लावायला घराबाहेर पडावे लागे, रोख पैसे मोजून द्यावे लागत, चार माणसांची नजर चुकवावी लागे. या प्रत्येक टप्प्यावर माणसाला थांबायला थोडी जागा मिळत होती. मोबाइलने ती सगळी जागा काढून घेतली. २०१६ मध्ये दोन गोष्टी जवळपास एकत्र आल्या : यूपीआयची देवघेव आणि अतिशय स्वस्त झालेला डेटा. २०२० च्या टाळेबंदीत विद्यार्थी घरात अडकले, वर्ग मोबाइलवर आले आणि मोबाइल रात्रंदिवस हातात राहू लागला. त्याच वर्षी आयपीएलच्या मुख्य प्रायोजकपदी ‘ड्रीम११’ हे फँटसी क्रिकेटचे ॲप आले आणि २०२३ मध्ये त्याचे नाव भारतीय संघाच्या जर्सीवर छातीवर झळकले. आज पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा २०२० मध्ये सातवी-आठवीत असेल. क्रिकेट पाहणे आणि सामन्यावर पैसे लावणे या दोन गोष्टी त्याच्या वाढीच्या वयात टीव्हीच्या एकाच पडद्यावर शेजारी शेजारी होत्या. मुलांना आताच हे कसे सुचले, असे विचारणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

विद्यार्थ्यांच्या फोनवर जे खेळ आले ते सगळे एका जातीचे नाहीत. फँटसी क्रिकेटमध्ये ‘टीम लावायची’ आणि सामना संपेपर्यंत थांबायचे. रमी, पोकर, पैशाचा लुडो यांचे डाव मिनिटांत संपतात. त्यापलीकडचा तिसरा थर उघड बेकायदा सट्ट्याचा. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरून कोणीतरी ‘आयडी’ देतो, यूपीआयने पैसे टाकले की खात्यात ‘पॉइंट’ दिसू लागतात. तिथे सामन्याच्या निकालावर तर पैसे लावता येतातच, पण पुढच्या षटकात किती धावा, पुढच्या चेंडूवर काय, यावरही लावता येतात. सामना नसेल तर एव्हिएटरसारखे खेळ आहेत. पडद्यावर एक विमान उडते, ते वर जाईल तशी लावलेल्या रकमेची पट वाढत जाते आणि ते नाहीसे होण्याआधी बटण दाबून पैसे काढून घ्यायचे असतात. विमान कुठे नाहीसे होणार हे संगणकाने फेरी सुरू होण्याआधीच ठरवलेले असते. पाहणाऱ्याला मात्र ते आपल्या हिमतीवर आणि नजरेवर अवलंबून आहे असे वाटत राहते. रंग ओळखण्याचा ‘कलर प्रेडिक्शन’ तर याहून सोपा : लाल की हिरवा, एवढेच.

या तीन थरांतला खरा फरक वेगाचा आहे. डाव लावणे आणि निकाल कळणे यांतले अंतर जितके कमी, तितका तो खेळ धोकादायक. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकाने जुगारावर नेमलेल्या आयोगाचा अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. जगभरातील अभ्यास एकत्र करून त्याने काढलेला अंदाज असा : ऑनलाइन कॅसिनो किंवा स्लॉटचे खेळ खेळणाऱ्या प्रौढांपैकी १५.८ टक्क्यांना जुगाराचा विकार असू शकतो, आणि तेच खेळ खेळणाऱ्या किशोरवयीनांत हे प्रमाण २६.४ टक्के आहे. खेळांच्या सामन्यांवर पैसे लावणाऱ्यांत प्रौढांचे प्रमाण ८.९ टक्के, तर किशोरवयीनांचे १६.३ टक्के. दोन्ही जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या की दोन गोष्टी दिसतात. वेगवान खेळ अधिक माणसांना अडकवतो, आणि वय कमी असेल तर तोच खेळ दीडपट-दुप्पट घातक ठरतो.

खेळ माणसाला का धरून ठेवतो, याचे उत्तर प्रयोगशाळेत बऱ्यापैकी सापडले आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला तर पक्षी पोट भरल्यावर थांबतो, पण कधी तिसऱ्या चोचीला, कधी विसाव्या चोचीला असा बेभरवशी दाणा मिळू लागला तर तो थांबतच नाही. पुढे १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील संशोधनातून कळले की मेंदूतील डोपामाइनची उसळी बक्षिसापेक्षा त्याच्या अनपेक्षितपणाला जास्त प्रतिसाद देते. खात्रीचे बक्षीस मेंदूला लवकरच सवयीचे होते. जुगारात ते कधीच सवयीचे होत नाही.

याला जोड मिळते ‘थोडक्यात हुकले’ या भावनेची. केंब्रिजमधील ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्लॉटच्या खेळात अगदी जवळ येऊन हुकलेल्या डावांच्या वेळी मेंदूचे निरीक्षण केले. जिंकताना जे भाग जागे होतात त्यांतले काही भाग हुकल्यावरही जागे झाले. तो डाव आवडला का, असे विचारले तर खेळणारे नाही म्हणत होते, तरी पुन्हा खेळायची इच्छा वाढलेली होती. शेवटच्या षटकात कर्णधार बाद झाला आणि लावलेली टीम दोन गुणांनी हुकली, या प्रसंगात विद्यार्थ्याच्या मनात नेमके हेच घडते. तो हरलेला असतो, पण त्याला वाटते की आपण जवळपास जिंकलोच होतो.

आणखी एक भ्रम सुशिक्षित मुलांना विशेष छळतो. एलेन लँगर यांनी १९७५ साली दाखवून दिले की लॉटरीचे तिकीट स्वतः निवडू दिले, तर ते विकण्यासाठी माणसे न निवडता हाती पडलेल्या तिकिटाच्या चौपटीहून जास्त किंमत मागतात. तिकीट कोणी निवडले याने सोडतीत काहीच बदलत नसते. फँटसी क्रिकेटमध्ये तर खेळपट्टी, हवामान, गोलंदाजाची अलीकडची कामगिरी असा खराखुरा अभ्यास करता येतो. अभ्यासाला थोडेफार मोल असतेही. पण लाखो स्पर्धकांच्या गर्दीत ते मोल नगण्य होते, आणि तरीही हरल्यावर आपला अभ्यास कमी पडला, पुढच्या वेळी नीट करू, अशीच समजूत होते. संख्याशास्त्र शिकणारा विद्यार्थीसुद्धा यातून सुटत नाही. वर्गात शिकलेली संभाव्यता आणि स्वतःच्या पैशांची आशा ही मनाच्या दोन वेगळ्या कप्प्यांत राहतात.

ॲपची रचना हे सगळे जाणून केलेली असते. पहिल्या भरण्यावर बोनस मिळतो, मित्राला ओढून आणले की आणखी मिळतो. पैसे भरायला क्षण पुरतो, काढताना मात्र अटी निघतात : बोनस इतक्या वेळा फिरवल्याशिवाय ‘विड्रॉवल’ नाही, किमान रक्कम नाही, पडताळणी बाकी आहे. बेकायदा साइटवर तर मोठी रक्कम जिंकणाऱ्याचा आयडीच बंद केला जातो. टेलिग्रामवरचे ‘टिपर’ जिंकलेल्या रकमांचे स्क्रीनशॉट टाकत राहतात. त्यांची एक जुनी युक्ती अशी की निम्म्या लोकांना एक संघ जिंकणार असे सांगायचे आणि उरलेल्यांना दुसरा. ज्यांच्या बाबतीत अंदाज खरा ठरला, त्यांना दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन ‘पक्की’ टिप विकायची. सुरुवातीलाच मोठी रक्कम हाती आलेला विद्यार्थी या सगळ्यात सर्वात जास्त धोक्यात असतो. पुढची दोन वर्षे तो त्या एका संध्याकाळचा पाठलाग करतो.

हे वय या सापळ्याला इतके सहज का सापडते? मेंदूचा विचार केला तर परिणाम तोलणारा आणि ऊर्मीला लगाम घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, तर बक्षिसाने उचंबळणारा भाग त्याच्या कितीतरी आधी पूर्ण जोमात आलेला असतो. पण केवळ मेंदूवर सगळे ढकलणे बरोबर नाही. परिस्थितीचा वाटा तितकाच मोठा आहे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मुलगा पहिल्यांदा घराबाहेर राहायला येतो. पहिल्यांदाच स्वतःचे बँक खाते, स्वतःचा यूपीआय पिन आणि रात्री कोणी न हटकणारी खोली मिळते. मेसचे, खोलीभाड्याचे, फीचे पैसे घरून एकदम खात्यात येतात आणि महिनाभर तिथे पडून असतात. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांची तर आणखी वेगळी कोंडी असते. कॉट बेसिसवरची खोली, अभ्यासिकेतले दहा-बारा तास, जाहिरात कधी निघेल आणि निकाल कधी लागेल याची खात्री नाही, वय पुढे चाललेले आणि गावाकडे शेत विकून वा कर्ज काढून पैसे पाठवणारे आईवडील. अशा मुलाला घरचा भार एका रात्रीत हलका करण्याची आशा दाखवणारा खेळ लोभापेक्षा जबाबदारीच्या बाजूने गाठतो. हे समजून न घेता त्याला ऐतखाऊ ठरवणे अन्यायाचे आहे.

अडकलेल्या विद्यार्थ्याचा पैशाचा प्रवास बहुतेक वेळा ठरावीक पायऱ्यांनी जातो. आधी खर्चाचे पैसे जातात, मग मेसचे, मग फी. मग मित्रांकडून उसने, प्रत्येकाला वेगळे कारण सांगून. लॅपटॉप दुरुस्तीला टाकलाय असे घरी सांगून तो विकला जातो. त्यानंतर येतात झटपट कर्ज देणारी ॲप. रक्कम छोटी, मुदत आठवड्याची, शुल्क आधीच कापलेले, आणि फोनमधली संपर्कयादी त्यांच्या ताब्यात. हप्ता चुकला की आत्याला, मामाला, वर्गमैत्रिणींना फोन जाऊ लागतात, फोटोत फेरफार करून बदनामीच्या धमक्या येतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी कर्जाच्या ॲपना संपर्कयादीला हात लावायला मनाई केली, पण नियम न जुमानणारी बेकायदा ॲप त्यातून सुटली. सट्टा आणि ही कर्जे किती हातात हात घालून चालतात, याची सरकारलाही जाणीव होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये १३८ सट्ट्याची आणि ९४ कर्जाची ॲप बंद करण्याचे आदेश एकाच वेळी निघाले.

शेवटच्या पायरीविषयी पालकांना सहसा कल्पना नसते. सट्टा चालवणाऱ्यांना पैसे फिरवण्यासाठी दुसऱ्यांची बँक खाती लागतात. काही हजार रुपयांच्या बदल्यात विद्यार्थ्याकडून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड घेतले जाते. त्याला ते खाते भाड्याने देणे वाटते, कायद्याच्या लेखी मात्र तो पैशाच्या अफरातफरीतला दुवा असतो. खाते गोठवले जाते आणि चौकशीची नोटीस गावच्या पत्त्यावर जाते. कर्ज फिटू शकते, पण हा डाग नोकरीच्या पडताळणीपर्यंत पाठ सोडत नाही.

मनावर होणारा परिणाम दोन्ही दिशांनी चालतो. जुगारामुळे चिंता, निद्रानाश आणि नैराश्य येते, आणि आधीपासून नैराश्य, अतिचंचलता किंवा दारूची सवय असलेला मुलगा जुगारात लवकर गुंततो. मानववंशशास्त्रज्ञ नताशा डॉव शूल यांनी लास व्हेगासमधील यंत्रांवर खेळणाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास करून २०१२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातले निरीक्षण या आजाराविषयीचा सर्वात मोठा गैरसमज दूर करते : जुने खेळाडू जिंकण्यासाठी खेळत नव्हते, खेळत राहण्यासाठी खेळत होते. खेळताना काळाचे, पैशाचे, स्वतःचेही भान हरपते आणि त्या हरपण्यातच त्यांना आराम मिळतो. परीक्षेत नापास झालेल्या, एकट्या पडलेल्या किंवा प्रेमभंगाने कोसळलेल्या विद्यार्थ्याला रात्री दोन वाजता हा आराम फोनवर मिळतो. सकाळी खात्यातला आकडा पाहिला की आधीच्या दुःखात अपराधीपणाची भर पडते, आणि तो सहन होत नाही म्हणून रात्री पुन्हा तेच. झोप मोडते, तासिका बुडतात, एटीकेटी लागते, आणि मग घरी सांगायच्या खोट्यांत निकालाचीही भर पडते.

भारतातील विद्यार्थ्यांविषयीचा एक भरवशाचा अभ्यास केरळातला आहे. एर्नाकुलम जिल्ह्यातील ५८ महाविद्यालयांत प्रश्नावल्या वाटल्या गेल्या, ५,५८० भरून परत आल्या आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९.५ टक्के विद्यार्थ्यांनी कधी ना कधी जुगार खेळला होता आणि ७.४ टक्के विद्यार्थ्यांचा जुगार समस्येच्या पातळीवर होता. त्या काळात सर्वाधिक पसंती लॉटरीला होती, म्हणजे ॲपची लाट अजून यायची होती. समस्येच्या पातळीवर गेलेल्यांत मुलगे अधिक होते. अर्धवेळ काम करणारे, नापास झालेले, व्यसने करणारे अधिक होते. मानसिक ताण आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाणही त्यांच्यात लक्षणीय जास्त होते. खेळलेल्या पाच जणांपैकी जवळजवळ दोन जण समस्येपर्यंत गेले होते, हा या आकडेवारीतला सर्वात अस्वस्थ करणारा भाग आहे.

आत्महत्येचा धोका या आजारात खरोखरच मोठा आहे आणि त्याविषयी मोघम बोलून चालत नाही. स्वीडनमध्ये जुगाराच्या विकाराचे निदान झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता त्यांच्यातील आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे पंधरा पट आढळले. कर्जाइतकीच गुप्तताही इथे घात करते. दारू पिणाऱ्याच्या तोंडाला वास येतो, चाल अडखळते, घरच्यांना कळते, भांडण होते. जुगाराला वास नाही. मुलगा मान खाली घालून फोन पाहतोय, एवढेच दिसते आणि तसे तर सगळेच दिसतात. म्हणून सत्य बाहेर येते ते एकदम, पूर्ण रकमेसह, बहुधा वसुलीच्या फोनमधून. त्याआधीचे काही दिवस सर्वात धोक्याचे असतात. एकाएकी गप्प होणे, सतत वेगवेगळ्या कारणांसाठी पैसे मागणे, फोन वाजला की दचकणे, वस्तू नाहीशा होणे, सामन्याच्या निकालाबरोबर मनःस्थिती पालटणे या खुणा दिसल्या तर मित्रांनी आणि घरच्यांनी सरळ विचारावे. जगणे नको झाले आहे का, असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

कायद्याने या प्रश्नाकडे फार उशिरा आरोग्याच्या अंगाने पाहिले. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि मुंबई प्रांताचा १८८७ चा कायदा जुगाराच्या अड्ड्यांसाठी होते. न्यायालयांतला वाद दशकानुदशके एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : खेळ कौशल्याचा की नशिबाचा? रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले आणि पुढे त्याच आधारावर पैशाच्या ॲपचा मोठा उद्योग उभा राहिला. कौशल्याच्या खेळानेही माणूस व्यसनी होऊ शकतो, ही साधी गोष्ट या चर्चेत बाजूलाच राहिली. तामिळनाडूने २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीच्या अहवालानंतर वेगळा कायदा केला आणि पुढे मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पैशाचे खेळ बंद ठेवण्याचा नियम आणला. रात्र हीच विद्यार्थ्यांच्या घसरणीची वेळ असते, हे ज्याने कोणी ओळखले त्याला या आजाराची जाण होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा दोन दिवसांत संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. कौशल्य की नशीब हा भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या सर्वच ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले, भारतीय संघाच्या जर्सीवरचे नाव उतरले. त्याच वेळी कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हानही दिले गेले. या कायद्यातली विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे तो खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही. मदत मागायला जाणाऱ्या मुलाला या कायद्याची भीती बाळगायचे कारण नाही, आणि हे प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर लिहायला हवे.

बंदीने जाहिराती आणि सहज उपलब्धता घटते, आणि तो फायदा लहान नाही. पण ज्याला आजार जडला आहे त्याची ओढ कायद्याने जात नाही. परदेशातून चालणाऱ्या साइट एक पत्ता बंद झाला की दुसऱ्या पत्त्यावर उघडतात, आयडी देणारे टेलिग्रामवर आहेतच. काही जणांसाठी शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्स हा त्याच ओढीचा पुढचा मुक्काम ठरतो. कायद्याने तो जुगार नाही आणि बाजारात त्याचे स्वतःचे काम आहे. पण मुदत संपण्याच्या दिवशी मिनिटामिनिटाला भाव पाहत, तोटा भरून काढायला दुप्पट रक्कम लावणाऱ्या मुलाच्या मनाची स्थिती वेगळी नसते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता, आणि तिशीच्या आतील लोकांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला.

या आजारावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. पहिले काम पैशाची वाट अरुंद करण्याचे : यूपीआयची दैनिक मर्यादा अगदी कमी ठेवणे, फी थेट महाविद्यालयाकडे भरणे, काही महिने खात्यावर विश्वासू माणसाची नजर असणे, ॲप आणि टेलिग्रामचे गट काढून टाकणे. मग संवादावर आधारलेले उपचार. विचार आणि वर्तन यांची सांगड तपासणाऱ्या उपचारपद्धतीत रुग्णाच्या ‘आता नक्की लागणार’, ‘फक्त हरलेले निघाले की सोडतो’ यांसारख्या समजुती एकेक करून उलगडल्या जातात आणि ओढ अनावर होते त्या वेळा, जागा, माणसे ओळखून त्यांची पर्यायी व्यवस्था लावली जाते. सोबत नैराश्य किंवा अतिचंचलता असेल तर तिचे औषध घ्यावे लागते, नाहीतर वरवर सुटलेला जुगार परत येतो. नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे काही रुग्णांत ओढ कमी करतात, पण ती मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून ‘शट क्लिनिक’ चालते. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग हे सर्वात जवळचे आणि स्वस्त ठिकाण आहे. पुण्याचे मुक्तांगण आणि ठाण्याची आयपीएच या संस्थांना व्यसन आणि मानसिक आरोग्याच्या कामाचा अनेक दशकांचा अनुभव आहे.

कुटुंबाच्या हातून एक चूक प्रेमापोटी होते. रक्कम कळताच वडील दागिने गहाण टाकून किंवा भविष्य निर्वाह निधी काढून सगळे कर्ज एका दिवसात फेडतात आणि मुलाकडून शपथ घेतात. काही आठवड्यांत तो पुन्हा खेळतो, कारण डोक्यावरचे ओझे उतरले, आजार तसाच राहिला. समुपदेशक सांगतात ते असे : आधी सगळ्या देण्यांची एक खरी यादी करावी, बेकायदा ॲपच्या धमक्यांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी, मित्रांचे पैसे हप्त्यांनी आणि शक्यतो मुलाच्या स्वतःच्या कमाईतून फेडावे. यादीत सुरुवातीला काही रक्कम लपवलेली असतेच, तेव्हा ती दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारावी, पण न ओरडता. आयपीएलचे दोन महिने पुन्हा घसरण्याचे असतात. त्या काळात भेटी वाढवाव्या लागतात. एकदा घसरला म्हणजे उपचार फुकट गेले असे नाही. बहुतेक व्यसनांतून माणूस अडखळतच बाहेर येतो.

महाविद्यालयांच्या पातळीवर मात्र अजून फारसे काही उभे नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. असा माणूस आला तरी जुगाराविषयी तो बहुधा विचारणार नाही, कारण अभ्यास, झोप, दारू, प्रेमप्रकरण यांचे प्रश्न सवयीचे आहेत आणि हा नाही. त्यासाठी लांबलचक प्रश्नावलीची गरजही नाही. १९९७ साली अमेरिकेत तयार झालेली एक चाचणी केवळ दोन प्रश्नांची आहे. अधिकाधिक पैसे लावावेत असे कधी वाटले आहे का? आणि आपण किती खेळतो हे जवळच्या माणसांपासून लपवण्यासाठी कधी खोटे बोलावे लागले आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर विद्यार्थ्याला सविस्तर तपासणीसाठी पुढे पाठवायचे असते. पहिल्या वर्षाच्या आरोग्य तपासणीच्या अर्जात या दोन ओळी सहज मावतात.